पाय धुण्याचा रविवार

१

डेल्फीमावशीच्या खालच्या ओठात तिचेच दात रुतून बसले होते.

आर्लिस स्टिडमनं अंगठ्यानं तो ओठ हलकेच सोडवला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत तो मटकन बसला. ब्रायर खोऱ्यात माणूस गेलं की त्याला न्यायला यायचा तो आर्लिसच, आणि ते कशानं गेलं हे सरकारला कळवायचा तोही आर्लिसच. अंत्यसंस्काराचं दुकान बापाकडून आलेलं, कोरोनरचं पद लोकांनी मतं देऊन गळ्यात घातलेलं. केंटकीच्या या डोंगरांत त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खाणीच्या धुळीनं मेलेले त्यानं उचलले होते, दारूनं मेलेले उचलले होते, आणि गेली काही वर्षं नशेच्या गोळ्यांनी मेलेली तरणीताठी पोरं उचलून उचलून त्याच्या पाठीला बाक आला होता.

मावशीचा कॅन्सर हाडांत उतरला होता. ती जाणार हे ठरलेलंच होतं. पण अशा रोग्याला दुखण्यावरच्या जबर गोळ्या देतात. शेवटचे दिवस तो गुंगीत असतो आणि दिव्यातलं तेल संपावं तसा विझतो. मावशी तशी विझलेली नव्हती. तिची उजवी मूठ पलंगाच्या लोखंडी दांडीवर अशी आवळलेली होती की आर्लिसला एकेक बोट उकलावं लागलं.

"संपलं का तुझं? मला गोळ्या मोडून टाकायच्यात," नर्स ग्लेना म्हणाली.

घरी मेलेल्या रोग्याच्या उरलेल्या गोळ्या नर्सनं साक्षीदारासमोर नष्ट करायच्या, असा नियमच होता. ग्लेनानं खिडकीतला बिस्किटांचा जुना डबा उघडला, बाटली काढली, आणि कॉफीच्या चोथ्यानं भरलेल्या पिशवीवर ती उपडी करण्याआधी सवयीनं दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. तिचा हात तसाच राहिला.

"आर्लिस, ह्या तिच्या नाहीत."

"बाटली तर तिचीच आहे."

"बाटली तिचीच. गोळ्या नाहीत. आकार तोच, रंग तोच, जुळी भावंडं म्हणशील. पण छाप बघ." तिनं चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. "ह्या लघवीच्या आहेत. हृदय थकलेल्या म्हाताऱ्यांना देतात, पायांत पाणी साठू नये म्हणून. अरे देवा! हाडं कुरतडली जात होती बाईची, आणि तिला हे?"

खोलीच्या दारात कप खळ्ळकन फुटला. तिथं मावशीची नात मिस्टी उभी होती. कॉफी तिच्या पायांवर सांडली होती आणि तिचं तिकडं लक्षही नव्हतं. ग्लेना तिच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यातच निकाल लागून गेला होता.

२

"यात कोडं कसलं आलंय?" शेरीफ प्रेटर पडवीच्या पायरीवर बूट झटकत म्हणाला. "गोळ्या होत्या. घरात गोळ्या खाणारी पोरगी होती. गोळ्या गेल्या. माझ्या कुत्र्यानंसुद्धा सोडवलं असतं."

"होती. आता नाही."

"आर्लिस, लेका, ह्यातनं कुणी 'नाही' होतं का? तू पुरतोस, मी पकडतो. आपण दोघांनी तरी एकमेकांना गोष्टी सांगू नयेत." मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "सोमवारी मावशीला माती देऊ. तोवर मी हात लावत नाही. पोरीला आजीच्या थडग्यापाशी उभं राहू दे. तिथनं थेट माझ्या गाडीत."

मिस्टी मागच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सव्विशीची पोर, पुढचे दोन दात गेलेले, म्हणून बोलताना हात तोंडावर. तिची जोसी पाच वर्षांची, सरकारनं दुसऱ्याच कुटुंबात ठेवलेली. मंगळवारी न्यायाधीशापुढं सुनावणी होती. मिस्टी शुद्ध राहिली, आजीची सेवा केली, हे मान्य झालं तर जोसी घरी येणार. नाहीतर कायमची परक्याची. हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

"आर्लिसकाका, तुम्हीही विचारून टाका," ती म्हणाली. "सगळे नजरेनं विचारतायत. तुम्ही निदान तोंडानं विचारा."

"घेतल्यास का?"

"नाही."

"मला नाही पटलं असं समज. पटव."

ती कडवट हसली. "मी नशा सोडायला दवाखान्यातनं जे औषध घेते ना जिभेखाली, त्याच्यावर ती गोळी चढतच नाही. दगड खाल्ल्यासारखं. त्या ग्लेनाला विचारा."

"विकायला घेतल्या असशील."

"विकायला?" तिनं मान वर केली. "काका, मी सहा वर्षं चोऱ्या केल्यात. मामाच्या घरात केली, चर्चच्या स्वैपाकघरात केली. चोर बाटली उचलतो आणि सुटतो. त्याच मापाच्या दुसऱ्या गोळ्या शोधून बाटलीत भरत कोण बसेल? ज्याला उद्या परत त्याच खोलीत यायचंय, त्यालाच ती उठाठेव."

आर्लिसनं डोक्यावरची टोपी काढली. बोलणं खरं होतं. पण मिस्टीलाही रोज त्याच खोलीत यायचं होतं.

"तिला दुखतंय हे तुला कळलं नाही?"

"कळलं नाही?" मिस्टीचा हात तोंडावरून निघाला. "महिनाभर ओरडत होती ती! मी ग्लेनाला फोनवर म्हटलं, गोळी पुरत नाही, वाढवा. तर ती काय म्हणाली ठाऊक आहे? 'मिस्टी, बाळा, गोळ्या नक्की कुणाला पुरत नाहीत?'" तिनं नाक बाहीनं पुसलं. "मग मी एस्टिलआजोबांना हात जोडले, तुम्ही तिचे भाऊ, तुम्ही बोला, तुमचं ऐकतील. ते म्हणाले, प्रार्थना कर. केली. मीच भरवल्या तिला त्या गोळ्या, काका. ह्या हातानं. जीभ बाहेर काढायची ती, लहान पोरासारखी."

३

मावशीपाशी एकटं बसणारी माणसं तीनच. रात्रंदिवस मिस्टी. सकाळी अंथरूण बदलायला शेजारची वेस्टाकाकू. आणि दुपारी मावशीचे धाकटे भाऊ, चर्चचे वडील म्हणजे मुख्य प्रवचनकार एस्टिल कॉडिल. ते आले की "तू जरा पड, पोरी" म्हणून मिस्टीला बाहेर पाठवत आणि बहिणीच्या उशाशी बसून भजनाच्या ओळी म्हणत. एस्टिलभाऊंचं नाव संशयितांत घ्यायचं म्हणजे चर्चच्या छपरावर दगड टाकण्यासारखं. आर्लिसनं ते मनात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. या खोऱ्यात गोळ्यांनी मेलेलं एकही लेकरू असं नव्हतं, ज्याच्या थडग्यावर एस्टिलभाऊंनी गाऊन प्रवचन केलं नव्हतं.

तो वेस्टाकाकूंकडं गेला. काकूंचा मुलगा गोळ्या विकल्याबद्दल तुरुंगात होता, हे काही तो विसरला नव्हता.

"ये, बस. शेंगांची भाजी आहे, मक्याची भाकरी आहे. आणि विचारायला आलायस ते खाऊन विचार, उपाशी माणूस वाकडंच विचारतो." सत्तरीच्या वेस्टाकाकूंनी ताट आदळलं. "माझ्या तुरुंगातल्या दिवट्याची आठवण झाली ना तुला?"

"झाली."

"खोटं बोलत नाहीस, म्हणून भाकरी देते. मी नाही घेतल्या. त्या मिस्टीनं घेतल्या. साप पाळला डेल्फियानं उशाशी."

"काकू, तुम्ही हृदयासाठी काही घेता?"

"घेते की. पांढरी गोळी. मुतवते मेली दिवसभर. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते मी, ते काय भक्ती कमी म्हणून?" त्यांनी कपाटातली बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली. तोच छाप. आर्लिस त्या छापाकडं टक लावून बघत राहिला. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "का रे? असा का बघतोस?"

"मावशीच्या बाटलीत ह्याच होत्या."

काकू उभ्याच राहिल्या. रागावतील असं त्याला वाटलं. पण त्या सावकाश खुर्चीवर टेकल्या.

"म्हणून चादरी," त्या पुटपुटल्या.

"कसल्या चादरी?"

"रोज सकाळी पलंग ओलाचिंब. अरे, चमच्यानं पाणी घेत होती ती, चिमणीएवढं. मी म्हणायची, डेल्फिया, हे पाणी येतं तरी कुठनं? आणि ती लाजायची बिचारी. मरणाच्या दारात लाजायची." त्यांनी पदरासारखं ॲप्रन डोळ्यांना लावलं. "मी चिडायची तिच्यावर. देवा, मी चिडायची."

आर्लिसची नजर खाली गेली. काकूंचे घोटे सपातांतून दिसत होते, काटकीसारखे, हाड न् हाड मोजावं असे. बाटलीही महिन्याच्या मानानं असायला हवी तेवढीच भरलेली होती. त्याच्या मनात काहीतरी हललं. ज्यानं आपल्या गोळ्या मावशीच्या बाटलीत ओतल्या, त्याला स्वतःला त्या मिळाल्या नसणार. मग त्याच्या अंगातलं पाणी कुठं गेलं असेल?

"आणखी कोण घेतं ह्या गोळ्या, काकू?"

"म्हातारं होऊन हृदय थकलेलं कुणीही. अर्धं चर्च." काकूंनी नाक ओढलं. "जा, रविवारी सगळ्यांचे जोडे काढून बघ!"

त्या चिडून बोलल्या होत्या. पण आर्लिसच्या हातातली भाकरी ताटात पडली. येता रविवार पाय धुण्याचाच होता.

४

वर्षातून एकदा प्रभूच्या भोजनानंतर चर्चमधले पुरुष पुरुषांचे आणि बायका बायकांचे पाय धुतात. कमरेला पंचा बांधायचा, गुडघे टेकायचे, दुसऱ्याचा पाय परातीत घ्यायचा. ज्याच्याशी वैर असेल त्याचे आधी. पाय पुढं करायला नाही म्हणणं हे धुवायला नाही म्हणण्याहून मोठं पाप.

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना ऐकायचं होतं, बहीण घरात मेलेली असताना एस्टिलभाऊ काय बोलतात ते. मिस्टी बायकांच्या बाजूला अगदी टोकाला बसली होती. तिच्या शेजारचा बाक रिकामा राहिला होता.

एस्टिलभाऊ उठले. सत्तरी गाठलेला, खाणीत फुप्फुसं काळी करून घेतलेला उंच माणूस. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, तोंड टिपलं, आणि सुरुवात केली. आधी नुसतं बोलणं, मग बोलण्याला ताल, मग तालाला सूर. या डोंगरांत प्रवचन सांगत नाहीत, गातात. श्वास घ्यायचा तोही तालात. शब्द पुढं आणि सूर मागं असं चालता चालता एक क्षण असा येतो की सूरच शब्दांना उचलून घेतो, आणि मग बाकांवरची माणसं रडतात, 'आमेन' म्हणून गाणाऱ्याला साथ देतात, टाळ्या वाजवतात, उठून जाऊन गाणाऱ्याला मिठी मारतात.

आर्लिसला याचं वेड होतं. लहानपणी आईच्या मांडीवर झोपून त्यानं हे ऐकलं होतं. पण एस्टिलभाऊंचं गाणं गेली कित्येक वर्षं ऐकवत नसे. दर ओळीला खोकला. काळी फुप्फुसं ओळ पुरी होऊ देत नसत. लोक माना खाली घालून वाट बघत. दुसऱ्याला वडीलपद द्यावं अशी कुजबुजही उठली होती. आणि मग या उन्हाळ्याच्या शेवटी एकदम कृपा झाली. खोकला गेला. आवाज धबधब्यासारखा सुटला. दूरदूरच्या चर्चांतून बोलावणी येऊ लागली. "देवानं म्हाताऱ्याचा गळा उघडला," लोक म्हणत. आर्लिस स्वतः उठून, रडत, त्यांच्या गळ्यात पडला होता.

आजही भाऊ गात होते. "ती गेली पलीकडं, ती गेली जिथं वेदना नाही," ते गायले. लांब, अखंड, एका श्वासात. लोक उन्मळून रडत होते.

आर्लिसचे डोळे कोरडे होते. दुकानाच्या व्यवसायात डॉक्टरांशी बोलून बोलून त्याला एक साधी गोष्ट ठाऊक झाली होती, आणि ती आत्ता, या सुरात, त्याच्या काळजात सुरीसारखी गेली. दुखण्यावरच्या त्या जबर गोळ्या नुसतं दुखणं मारत नाहीत. त्या खोकलाही मारतात.

नाही, त्यानं स्वतःला दटावलं. कृपेवर असा संशय घेऊ नये.

पराती मांडल्या गेल्या. आर्लिसनं पंचा बांधला आणि तो थेट एस्टिलभाऊंपुढं गुडघ्यांवर बसला.

"तू राहू दे, आर्लिस," भाऊ हलकेच म्हणाले. "माझे पाय आज... थंडी वाजतेय जरा."

"पाणी कोमट आहे, भाऊ."

शेजारचे दोघे बघू लागले. वडिलांनीच पाय आखडले तर बाकीच्यांनी काय करावं? भाऊंनी डोळे मिटले आणि मोजा ओढून काढला.

पाय कणकेच्या गोळ्यासारखा फुगला होता. कातडी ताणून चकाकत होती. आर्लिसनं पाणी घातलं, पंच्यानं टिपलं, आणि अंगठा नडगीवर टेकवून धरला. काढला तेव्हा तिथं खळगा पडला होता. तो भरून येईना. आर्लिस बघत राहिला. भाऊही बघत राहिले.

मग रिवाजाप्रमाणं दोघांनी उठून एकमेकांना मिठी मारली.

५

"बस," एस्टिलभाऊ म्हणाले. दुपारचं ऊन त्यांच्या पडवीत आलं होतं. त्यांनी आर्लिसपुढं कॉफी ठेवली. स्वतःची तशीच निवत होती. "मी वाटच बघत होतो तुझी."

"तुमची लघवीच्या गोळ्यांची बाटली दाखवा, भाऊ."

"रिकामी आहे. महिना निम्मा झालाय आणि रिकामी आहे. तेच ना?"

"आणि खोकला कुठं गेला?"

भाऊंनी डोंगराकडं नजर वळवली. "सुरुवात बरगडीनं झाली," ते म्हणाले. "खोकून खोकून बरगडी मोडली माझी. ताईच्या उशाशी बसलो होतो, श्वास घेववेना. तीच म्हणाली, माझ्यातली एक घे, एस्टिल. एक घेतली. दुसऱ्या दिवशी चर्च होतं. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आर्लिस..." त्यांनी निवलेला कप बाजूला सारला. "वीस वर्षांनी ओळ पुरी झाली. तुला नाही कळायचं. तू ऐकणारा. गाणाऱ्याची ओळ तुटते तेव्हा त्याला काय होतं ते तुला नाही कळायचं. मला वाटलं कृपा आली."

"पहिली गोळी तिनं दिली. बाकीच्या?"

"आधी रविवारपुरती. मग शनिवारची सभा. मग न घेतली की अंग मोडायचं, घाम सुटायचा, हात थरथरायचे. मग रोज."

"तिला दुखत होतं, भाऊ."

"मला वाटलं, थोडं दुखेल."

"ती ओरडत होती. महिनाभर. तुमच्यापुढं."

"मी तिच्यापाशी गायचो."

आर्लिसनं कप खाली ठेवला, कारण तो फेकून मारावासा वाटला. "मिस्टी तुमच्यापुढं हात जोडून उभी राहिली. त्या पोरीला उद्या शेरीफ नेणार. परवा तिचं लेकरू जाणार. तुम्ही ह्या खोऱ्यातल्या किती पोरांच्या थडग्यांवर गायलात? त्यांच्या आयांना काय सांगत होतात?"

"लेकरू वाईट नव्हतं, गोळी त्याच्याहून मोठी झाली, असं सांगत होतो, आणि ते माझ्याबद्दलही खरं आहे," भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "एवढी एकच गोष्ट दे मला. ताईचं शेवटचं प्रवचन मला करू दे. तिथंच, सगळ्यांसमोर सांगतो. माझ्या तोंडानं. खोकत खोकत, गोळीशिवाय. शेरीफनं येऊन ओढून नेण्यापेक्षा मला माझ्या पायांनी जाऊ दे."

"शपथ?"

"ताईची."

आर्लिसनं मान डोलावली. माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्यावर विश्वास टाकायला निमित्त शोधतच असतो. त्याला ते मिळालं.

६

सोमवारी डेल्फीमावशीची पेटी चर्चमध्ये आणली. आर्लिसनं तिच्या ओठाला मेण लावून जखम बुजवली होती. लोक म्हणत होते, किती शांत दिसते. दारात शेरीफ प्रेटर हातात टोपी धरून उभा होता. मिस्टी पेटीच्या पायथ्याशी उभी होती. आजही तिच्या आसपास मोकळी जागा होती. फक्त वेस्टाकाकू, तोंडानं काहीही न बोलता, येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

एस्टिलभाऊ उठले. आर्लिसनं श्वास रोखला. खोकला येऊ दे, तो मनात म्हणाला. आयुष्यात त्यानं कधी इतक्या आर्ततेनं प्रार्थना केली नव्हती. देवा, म्हाताऱ्याला खोकला येऊ दे.

भाऊंनी खिशातला रुमाल काढला. तोंड टिपलं. आर्लिसनं ते टिपणं गेल्या महिन्यात कितीदा पाहिलं होतं, पण नीट बघितलं ते आज. रुमालाच्या एका टोकाला बारीक गाठ होती, आणि तोंडावरून जाताना भाऊंची बोटं त्या गाठीत शिरून आली होती.

आणि त्यांनी गायला सुरुवात केली. गोळी बरीच आधीच पोटात गेलेली असावी, कारण पहिल्या ओळीपासून सूर मोकळा होता. बहीण, बालपण, आईनं नदीकाठी शिकवलेलं गाणं. एक खोकला नाही. एक ओळ तुटली नाही. प्रत्येक सुंदर ओळीबरोबर आर्लिसला कळत गेलं की शपथ मोडली आहे. हा माणूस आज काही सांगणार नाही. गाऊन होईल, पेटी उचलतील, आणि थडग्यापासून मिस्टी गाडीत बसेल.

लोक रडत उठू लागले. रिवाजाप्रमाणं एकेक जण पुढं जाऊन गाणाऱ्याचा हात हाती घेत होता, खांद्यावर डोकं टेकत होता. आर्लिसही उठला. गर्दीनं वाट करून दिली. त्यानं भाऊंना मिठी मारली. भाऊंचं अंग तापलं होतं, आणि ते गातच होते, त्याच्या कानाशी, थांबण्याचं नाव न घेता.

"सांगा, भाऊ," आर्लिस कुजबुजला. "आत्ता. अजून वेळ आहे."

भाऊंनी त्याच्याकडं पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या गोळीच्या अंमलानं मोहरीएवढ्या झाल्या होत्या. ते पुढची ओळ गायले.

आर्लिसनं त्यांच्या बोटांतून रुमाल काढून घेतला. कुणाला काही वाटलं नाही. त्यालाही भरून आलं असेल. तो बाकांमधून चालत दारापर्यंत गेला आणि त्यानं गाठ सोडून रुमाल प्रेटरच्या टोपीत उपडा केला. पांढऱ्या, गोल गोळ्या. आणि त्यांवर डेल्फीमावशीच्या औषधाचा छाप.

प्रेटरनं गोळ्यांकडं पाहिलं, मग गाणाऱ्याकडं. "नाही," तो म्हणाला. "आर्लिस, नाही. माझ्या पोराच्या मातीला गायले ते."

"ठाऊक आहे. पेटी मीच आणली होती."

"माझ्या कुत्र्यानंसुद्धा," शेरीफ पुटपुटला, आणि त्यानं टोपी गोळ्यांसकट मुठीत मिटली.

मागं सूर चढतच होता. तो इतका सुंदर होता की दोघंही तो संपेपर्यंत दारात उभे राहिले.

७

भाऊंना नेलं. तुरुंगाच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी त्यांचा खोकला परत आला, असं ग्लेनानं सांगितलं. ग्लेना हल्ली फोनवर कुणी रडलं की सगळी कामं टाकून धावत जाते. पण एका बाईपुरतं ते उशिराच झालं. जोसी घरी आली. तरी चर्चमध्ये मिस्टीला कुणी काही बोललं नाही, माफी तर नाहीच. लोक आर्लिसला मात्र बोलले. म्हाताऱ्याला मरेपर्यंत गाऊ दिलं असतं तर तुझं काय जात होतं, असं त्यांचं म्हणणं. दोन घरांनी आपली माणसं पुरायला डोंगरापलीकडच्या दुकानात नेली.

एकदा मिस्टी जोसीला घेऊन दुकानात आली, आजीच्या थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते सांगायला. ते ठरल्यावरही ती उठली नाही.

"काका, त्यांचं गाणं ऐकून तुम्ही रडायचात ना?"

"रडायचो."

"मीही. आजी तिकडं कण्हत असायची, आणि मी स्वैपाकघरात बसून त्यांचं ऐकत रडायची. वाटायचं, हेच आपल्याला वाचवणार." तिनं जोसीच्या केसांतून हात फिरवला. आज तिनं तोंड झाकलं नव्हतं. "गाणं चांगलं होतं हो. तेच तर वाईट."

पुढच्या सभेला प्रवचनाला नवा माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, खाणीतला, घाबरलेला. त्यानं दोन वाक्यं नुसती सांगितली, तिसऱ्याला सूर लावला, आणि अर्ध्या ओळीत त्याला खोकला आला. कोरडा, काळा, थांबता थांबेना असा. लोकांनी माना खाली घातल्या. कुणी बाकावर चुळबुळलं. तो ओशाळून, छातीवर हात धरून उभा राहिला, आता बसावं की काय या विचारात.

"आमेन," आर्लिस शांततेत मोठ्यानं म्हणाला. एकटाच.